राजीनामा राहू द्या, आधी जर्मनचा क्लास लावा

प्रश्न : मी ३३ वर्षांचा आहे. पुणे विद्यापीठाचा बी. ई. मेकॅनिकल. चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत नऊ वर्षं क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. वर्षभर जर्मनीतल्या कंपन्यांना अर्ज करतोय, लिंक्डइनवरून शेकडो गेले असतील. बहुतेकांचं उत्तरच येत नाही, आलं तर ‘खेद वाटतो’ एवढंच. कॉलेजचा एक मित्र बर्लिनला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणतो, इंग्रजीवर भागतं, तू ये फक्त. पुण्यातला एक कन्सल्टंट म्हणतो की तुमचे पॉइंट बसतात, चार लाखांत ऑपॉर्च्युनिटी कार्ड काढून देतो, तिथे गेल्यावर तीन महिन्यांत नोकरी नक्की. मोशीच्या फ्लॅटचा हप्ता चालू आहे. आई कराडला असते, तिला शुगर आहे. मुलगी चार वर्षांची. पत्नी जी. एन. एम. नर्स आहे, सहा वर्षं आयसीयूत काम करते. तिलाही तिकडे काहीतरी पार्ट टाइम मिळून जाईल. नोकरी सोडून जाऊ का?
– एक वाचक, मोशी

उत्तर : विचारलंय त्याचं उत्तर आधी देऊन टाकते. राजीनामा देऊ नका आणि त्या कन्सल्टंटला चार लाखही देऊ नका. जर्मनीचा नाद सोडा असं मात्र मी म्हणत नाहीये. तुमच्या घरातून तिकडे जायचा एक बरा रस्ता आहे आणि तो तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलेल्या वाक्यात आहे. त्याकडे येतेच, आधी कार्डाचं बघू.

कन्सल्टंट पॉइंटांबद्दल खोटं बोलत नाहीये. जून २०२४ पासून मिळणाऱ्या या कार्डाला सहा पॉइंट लागतात. वय पस्तिशीच्या आत असल्याचे दोन, गेल्या सात वर्षांत पाच वर्षं आपल्या क्षेत्रातला अनुभव असल्याचे तीन, आणि इंजिनिअर हा तिथे टंचाईच्या पेशांत मोडतो म्हणून एक. झाले सहा. भाषेची किमान अट ए१ जर्मन किंवा बी२ इंग्रजी (ए१ ही अगदी सुरुवातीची पातळी, पुढे ए२, बी१, बी२ अशी चढत जाते). म्हणजे कार्ड तुम्हाला बहुधा मिळेलही. पण ते नोकरी देत नाही. नोकरी शोधायला जास्तीत जास्त एक वर्ष तिथे राहू देतं, एवढंच. त्या वर्षात आठवड्याला २० तासांपर्यंत पार्ट टाइम काम करता येतं, किंवा एखाद्या कंपनीत दोन आठवडे चाचणी म्हणून काम करून दाखवता येतं. राहण्या-खाण्याचा खर्च मात्र आधीच दाखवावा लागतो. २०२५ च्या हिशेबाने महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे आधीच पैसे अडकवून ठेवायच्या खात्यात. रुपयांत ही रक्कम तेरा लाखांच्या वर जाते. त्यात कन्सल्टंटचे चार लाख मिळवा, विमानाचं तिकीट मिळवा, आणि पगार बंद असताना मोशीचा हप्ता कोण भरणार ते ठरवा. बायको-मुलीला बरोबर नेणं त्या वर्षात व्यवहारात जमत नाही.

हे सगळं करून हातात ए१ जर्मन घेऊन गेलेले इंजिनिअर मी पाहिलेत. ते दुपारी गोदामात पार्सलं लावतात आणि रात्री अर्ज पाठवतात, तेच अर्ज जे ते पुण्यातून पाठवत होते. दहावा महिना लागला की जे पहिलं मिळेल ते घ्यायची वेळ येते, आणि समोरच्या कंपनीलाही ते कळतं.

तुमच्या अर्जांना उत्तर का येत नाही, हे मी जरा आतून सांगू शकते. स्टुटगार्टच्या बाजूला मशीन बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीच्या एचआरमध्ये मी काही वर्षं होते. तुमच्यासारखे अर्ज माझ्याच टेबलावरून जायचे. क्वालिटीवाल्याचं काम काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. पार्ट रिजेक्ट झाला की ऑपरेटरपाशी जाऊन खरं काय घडलं ते त्याच्या तोंडून काढायचं. शिफ्टच्या फोरमनशी हुज्जत घालायची. कस्टमरची तक्रार आली की चोवीस तासांत काहीतरी उत्तर द्यायचं आणि मग एट-डी रिपोर्ट, म्हणजे दोषाचं मूळ आणि त्यावरचा उपाय, लिहीत बसायचं. चाकणला हे तुम्ही मराठी-हिंदीत करता आणि कागदावर इंग्रजीत उतरवता. तिथे ते जर्मनमध्ये चालतं, आणि स्वाबियाच्या, म्हणजे स्टुटगार्टकडच्या, गावांत तर अशा बोलीत की उत्तर जर्मनीचा माणूसही दोनदा विचारतो. तुमच्या सीव्हीवर भाषा या रकान्यात ‘जर्मन – ए१ चालू’ दिसलं की डिपार्टमेंट हेड कागद बाजूला ठेवायचा. अनुभव चांगला आहे हे त्यालाही दिसायचं. पण लाइनवर ज्याच्याशी बोलता येणार नाही असा क्वालिटी इंजिनिअर त्याला कशाला हवा?

बर्लिनच्या मित्राचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर आहे. त्याच्या टीममध्ये पाच देशांची माणसं असतील आणि कोडला इंग्रजी पुरतं. त्याच्या अनुभवावरून तुमचा निर्णय घेऊ नका.

दुसरी गोष्ट बाजाराची. तुम्ही ज्या उद्योगाला अर्ज करताय तोच सध्या माणसं कमी करतोय. फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी करार करून २०३० पर्यंत ३५,००० हून जास्त पदं कमी करायचं ठरवलं. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या झेडएफने त्याच वर्षी जर्मनीतली १४,००० पर्यंत पदं कमी होतील असं जाहीर केलं. या कंपन्यांतून बाहेर पडलेला, जर्मन बोलणारा, तिथलीच मशीनं वीस वर्षं हाताळलेला माणूस तुमच्याच जागेसाठी रांगेत आहे. त्याच्याशी स्पर्धा करण्यापेक्षा त्या रांगेतून बाहेर पडणं शहाणपणाचं. एफएमईए, एसपीसी, एमएसए, सीएमएम ही दोष शोधायची आणि मोजमापाची तुमची हत्यारं गाडीच्या पार्टांपुरती थोडीच आहेत? टुटलिंगन नावाचं एक छोटं गाव आहे, स्टुटगार्टच्या दक्षिणेला. शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणाऱ्या शेकडो कंपन्या तिथे आणि आसपास आहेत. क्युन्झेल्साऊ नावाच्या गावाच्या भागात औद्योगिक पंखे आणि इलेक्ट्रिक मोटर बनवणाऱ्या जगभर माल विकणाऱ्या कंपन्या आहेत, आणि पुण्यात कुणाला त्यांची नावं माहीत नसतात. रेल्वेचे डबे, ट्रान्सफॉर्मर, पंप, इमारतींची हीटिंग यंत्रणा, सगळीकडे क्वालिटी लागते. म्युनिक-बर्लिनच्या जाहिरातींवर जगातून अर्जांचा पाऊस पडतो, या गावांत तो पडत नाही. बायकोला आणि मुलीला आवडेल का, हा वेगळा प्रश्न. रविवारी दुकानं बंद आणि संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर चिटपाखरू नाही, हे सांगून ठेवते.

तर आता काय करायचं. जर्मनचा क्लास लावा, आणि ए१ करून थांबू नका. शून्यापासून बी१ ला पोचायला गोएथे इन्स्टिट्यूटच्या मापाने ४५ मिनिटांच्या साधारण ३५० ते ६५० तासिका लागतात, बी२ ला ६०० ते ८००. नोकरी सांभाळून, घरचा अभ्यास धरून आठवड्याला दहा-बारा तास दिले तर वर्षभरात बी१ होतं. पुण्यासारखी सोय भारतात फार कमी शहरांत आहे. बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवन, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट, शिवाय घरी शिकवणारे कितीतरी चांगले शिक्षक. मोशीहून रोज तिथे जाणं म्हणजे दोन तास ट्रॅफिकमध्ये, हे मला कळतं. ऑनलाइन बॅच घ्या, पण परीक्षा नामांकित संस्थेचीच द्या. तुमची कंपनी जर्मन गाड्यांना माल देत असेल तर कस्टमरच्या ऑडिटला येणाऱ्या जर्मन माणसाशी मोडकंतोडकं बोलायला सुरुवात करा. तो हसेल, मग दुरुस्त करेल, आणि पुढच्या वेळी तुमचं नाव त्याच्या लक्षात असेल.

त्याच वर्षात व्हीडीए ६.३ या जर्मन ऑटो उद्योगाच्या मानकाचं प्रोसेस ऑडिटरचं प्रशिक्षण कंपनीकडून मागून घ्या. सीव्हीवर हे दिसलं की जर्मन ऑटोवाला तुम्हाला आपल्या भाषेतला माणूस समजतो. मेडिकलकडे वळायचं असेल तर आयएसओ १३४८५ या वैद्यकीय उपकरणांच्या क्वालिटी मानकाचा कोर्स करा.

डिग्रीचं काम आजच रात्री करता येईल. अनाबिन नावाचा जर्मन सरकारचा डेटाबेस आहे, फुकट आहे. त्यात आपलं विद्यापीठ शोधायचं, त्यापुढे ‘एच प्लस’ (म्हणजे मान्यताप्राप्त) लिहिलंय का बघायचं, मग आपली पदवी शोधून ती समकक्ष दाखवली आहे का बघायचं. दोन्ही जुळलं तर त्या पानांची प्रिंट पुरते. नाही जुळलं तर झेडएबी या संस्थेकडून पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं, फी दोनशे युरोंच्या थोडी वर. पदवी पूर्णपणे समकक्ष असेल तर ऑपॉर्च्युनिटी कार्डालाही पॉइंट मोजावे लागत नाहीत. ही गोष्ट कन्सल्टंटने तुम्हाला सांगितली होती का?

तुमचं लक्ष्य ब्लू कार्ड, म्हणजे पदवीधरांचा नोकरीचा परवाना, ठेवा. त्याला आधी नोकरीचा करार लागतो आणि पगाराची किमान मर्यादा असते. २०२५ साठी ती वर्षाला ४८,३०० युरो होती आणि इंजिनिअरसारख्या टंचाईच्या पेशांना ४३,७५९.८० युरो. दर जानेवारीला ती बदलते, अर्ज करताना ताजा आकडा बघा. ब्लू कार्डवर बायको-मुलगी बरोबर येऊ शकतात. बायकोला येण्याआधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्यावर कुठलीही नोकरी करता येते. कायम राहायचा परवाना तुमचं जर्मन ए१ असेल तर २७ महिन्यांनी, बी१ असेल तर २१ महिन्यांनी मागता येतो.

अर्ज कमी पाठवा. एका अर्जाला एक संध्याकाळ लागली पाहिजे. सीव्ही दोन पानांचा, तक्त्यासारखा, महिना-वर्षासकट, मध्ये रिकामी जागा असेल तर तिचं कारण देऊन. डिग्री आणि अनुभवाची पत्रं एकाच पीडीएफमध्ये. जाहिरात जर्मनमध्ये असेल तर अर्जही जर्मनमध्ये, शिक्षकाकडून तपासून घेतलेला. पगाराची अपेक्षा आणि कधीपासून रुजू होऊ शकता हे त्यांनी विचारलं असेल तर लिहाच, आपल्याकडच्यासारखं ‘निगोशिएबल’ नको. आणि एक गोष्ट जी फार थोडे भारतीय लिहितात : कंपनीला व्हिसाची भीती वाटू नये म्हणून दोन ओळी. माझी पदवी समकक्ष आहे, मी ब्लू कार्डच्या अटीत बसतो, आणि तुम्ही तुमच्या भागातल्या परदेशी नागरिक कार्यालयात ४११ युरो भरून जलद प्रक्रिया सुरू करू शकता. छोट्या गावातल्या दोनशे माणसांच्या कंपनीत एचआरला एकच बाई असते. परदेशातून माणूस आणायचा म्हणजे नक्की काय करायचं हे तिला माहीत नसतं, आणि जे माहीत नाही ते ती करत नाही. तिचं काम तुम्ही सोपं केलंत तर तुमचा कागद वर राहतो.

उत्तराला दोन महिने लागले तरी निराश होऊ नका. तिथे नोकरी सोडायचा नोटिस पीरियड सर्रास तीन महिन्यांचा असतो, त्यामुळे सगळेच सावकाश चालतात.

एक आडवाट पण सांगते. पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगावच्या पट्ट्यात जर्मन कंपन्यांचे कारखाने आहेत. त्यांतल्या एखाद्यात क्वालिटीत शिरता आलं तर तिथे किमान सहा महिने काढल्यावर कंपनीच तुम्हाला जर्मनीच्या मुख्य कारखान्यात पाठवू शकते. त्यासाठी वेगळा आयसीटी (कंपनीअंतर्गत बदलीचा) परवाना आहे, जास्तीत जास्त तीन वर्षांचा. पगार सुरू राहतो, हप्ता सुरू राहतो. बढती वाटणार नाही, कदाचित आहे तोच पगार मिळेल. तरी मी ही नोकरी घेईन.

आता तुमच्या पत्नीबद्दल. ‘तिलाही काहीतरी पार्ट टाइम मिळून जाईल’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. सहा वर्षं आयसीयू केलेल्या नर्सला जर्मनीत काहीतरी मिळत नाही, तिची वाट बघितली जाते. टंचाई म्हणतात ती या पेशात आहे. डिसेंबर २०२१ मध्ये जर्मनीच्या रोजगार खात्याने केरळ सरकारच्या संस्थेशी नर्सेससाठी करार केला तो उगाच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी (स्टुटगार्ट यातच येतं) दहा हजार कुशल माणसं पाठवायचा जो करार केला, त्यातही नर्सेस होत्या. सरकारी योजनेच्या भरवशावर बसा असं मी म्हणत नाही, पण वारा कुठून वाहतोय ते दिसतं.

तिचा रस्ता तुमच्यापेक्षा नियमांनी जास्त बांधलेला आहे. नर्सिंग तिथे परवान्याचा पेशा. तिच्या डिप्लोम्याची कागदपत्रं ज्या राज्यात नोकरी करायची तिथल्या कार्यालयात जातात, बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये ते स्टुटगार्टला आहे. बहुतेक वेळा पूर्ण मान्यता लगेच मिळत नाही. अमुक विषयाचे तास कमी आहेत असं पत्र येतं. मग हॉस्पिटलमध्ये काम करत करत एकतर काही महिन्यांचं पूरक प्रशिक्षण घ्यायचं किंवा एक परीक्षा द्यायची. परवान्यासाठी बी२ जर्मन लागतं. मार्च २०२४ पासून आणखी एक सोय आहे : ए२ जर्मन आणि हॉस्पिटलचा करार असेल तर तिथे जाऊन मान्यतेची प्रक्रिया पूर्ण करता येते. तरी मी बी२ इथेच करून जायला सांगेन. आयसीयूमध्ये डॉक्टरने फोनवर डोस सांगितला आणि तो अर्धा कळला, अशी वेळ तिच्यावर येऊ नये. मान्यता होईपर्यंत पगार सहायकाचा, मान्यता झाल्यावर नर्सचा. पहिलं वर्ष दमवणारं असतं. तिथल्या नर्सला रुग्णाला अंघोळ घालणं, भरवणं हेही करावं लागतं. इथे ते मावशी-मामांकडे असतं, त्यामुळे आपल्याकडच्या मुलींच्या मनाला सुरुवातीला हे लागतं. तिला हे आधी माहीत असू द्या.

तिच्यासाठी एजन्सी शोधाल तेव्हा एक नियम. जर्मनीतली हॉस्पिटलं नर्स आणण्याचा खर्च स्वतः करतात. ‘फेअर अनव्हेर्बुंग’ असं सरकारी गुणवत्ता चिन्ह असलेल्या एजन्सीला नर्सकडून पैसे घेताच येत नाहीत. जो तिच्याकडे लाख मागेल त्याच्याकडे परत जाऊ नका.

ती आधी गेली आणि तिचं बस्तान बसलं तर तुम्ही तिचा जोडीदार म्हणून जाऊ शकता. तिथे जोडीदाराला कामाची मुभा असते, आणि बी१ जर्मन घेऊन टुटलिंगनच्या कंपनीच्या दारात समोर उभं राहून अर्ज देणं हे मोशीहून लिंक्डइनवर बटण दाबण्यापेक्षा फार वेगळं असतं. कुणी आधी जायचं हे तुम्ही दोघांनी ठरवा. मला विचाराल तर मी तिला आधी पाठवीन. पण तिला जायचंय का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही.

कन्सल्टंटचं थोडक्यात. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते, सरकारच्या ई-मायग्रेट वेबसाइटवर यादी आहे. त्याला उमेदवाराकडून घेता येणारी फी ३०,००० रुपये अधिक जीएसटी, याहून जास्त नाही. म्हणूनच असे बरेच जण स्वतःला ‘व्हिसा कन्सल्टंट’ म्हणवून घेतात. ऑपॉर्च्युनिटी कार्डाचा अर्ज तुम्ही स्वतः ऑनलाइन भरू शकता, व्हिसाची फी ७५ युरो आहे. आणि नोकरी ‘नक्की’ करून देणं त्याच्या हातातच नाही. कुठल्या कंपनीचं ऑफर लेटर आलंच, तर जर्मनीचं व्यापारी नोंदणी पुस्तक ऑनलाइन फुकट बघता येतं. तिथे नाव आणि पत्ता जुळतो का बघा. नोकरी देणारी कंपनी कधी पैसे मागत नाही.

पगाराचा हिशेब रुपयांत करू नका. वर्षाला ५०,००० युरो म्हणजे कर आणि विम्याचे हप्ते कापून महिन्याला हातात ढोबळमानाने अडीच ते तीन हजार, तुमचा कर वर्ग कोणता त्यावर. स्टुटगार्टच्या आसपास तिघांपुरतं घर हजार-बाराशेच्या खाली सहसा मिळत नाही, आणि सुरुवातीला तीन महिन्यांपर्यंतचं भाडं डिपॉझिट. उरेल त्यातून मोशीचा हप्ता जातो का, हे कागदावर मांडा. फ्लॅट भाड्याने देता येईल, पण तेवढ्याने हप्ता निघत नाही हे तुम्हालाही माहीत आहे.

आईंना तिकडे नेणं कायद्याने आता शक्य आहे. १ मार्च २०२४ नंतर कुशल कामगार म्हणून पहिल्यांदा परवाना मिळालेल्यांना आई-वडिलांसाठी अर्ज करता येतो. अडचण आरोग्य विम्याची. उतारवयात, त्यात शुगर असलेल्या माणसाला तिथला विमा मिळणं अवघड आणि मिळाला तर महाग. तेव्हा त्यांची सोय कराडलाच काय होऊ शकते, ते भावंडांशी आत्ताच बोलून ठेवा.

राजीनामा द्यायची वेळ येईल तेव्हा तो पासपोर्टवर व्हिसा चिकटल्यावर द्या. करारावर सही झाली म्हणून देऊ नका. जर्मन कंपनीला रुजू व्हायची तारीख ‘व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांनी’ अशी घालायला सांगा, त्यांना ते चालतं.

आणि पत्नीची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे का ते या आठवड्यात बघा. नूतनीकरण राहिलं असेल तर आधी ते करून घ्या, कारण जर्मनीतून पहिला कागद तोच मागतात. तिचे काही प्रश्न असतील तर तिने मला स्वतः लिहावं.